आवाजामागची खोली

पनवेलजवळच्या कोनला भाड्याचा फ्लॅट बघायला गेले तेव्हा त्या मला आधी ऐकू आल्या आणि मग दिसल्या. खरं तर जे ऐकू आलं ते त्या नव्हत्याच.

मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. हायवेपासून थोडी आत असलेली उंच नवी इमारत, आणि तिच्यातले बहुतेक फ्लॅट मुंबई-पुण्याच्या लोकांनी घेऊन कुलूप लावून सोडलेले. गॅलऱ्यांत कपडे नाहीत, खिडक्यांना पडदे नाहीत, डक्टमध्ये पारव्यांचं घुमणं. लिफ्ट तेवढी हौशी होती. प्रत्येक मजल्याचं नाव ती मोठ्यांदा सांगायची, आत कोणी असो वा नसो. चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि पॅसेजच्या टोकाकडून कोणीतरी बोलताना ऐकू आलं. बाईचा म्हणावा तर बाईचा नाही, पुरुषाचा म्हणावा तर पुरुषाचा नाही, असा पातळ, कोरडा आवाज. इतका वेगात की शब्द सुटे करता येईनात. मध्ये श्वास नाही, थांबणं नाही. मी पुन्हा लिफ्टमध्ये शिरणार होते, पण सोबत आलेला वॉचमन गावातलाच होता, तो शांतपणे म्हणाला, "घाबरू नका मॅडम. बाईंचा कंप्युटर हाय तो. दिवसभर बोलतो. काय बोलतो ते आमाला काय समजत नाय."

त्या बाई म्हणजे माझ्या होणाऱ्या घरमालकीणबाई. शेजारी-शेजारी दोन फ्लॅट त्यांचे. एकात त्या एकट्या राहायच्या, दुसरा भाड्याने द्यायचा होता. वय साठीच्या अलीकडचं, केस बारीक कापलेले, अंगावर स्वच्छ सुती सलवार-कमीज. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. पनवेलच्या एका कार्यालयात त्या सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि मुदतीआधी निवृत्ती घेऊन इथे राहायला आल्या होत्या, कारण तिथे पनवेलमध्ये फार कालवा होता. पहिल्याच भेटीत मी त्यांना काकू म्हटलं, तर म्हणाल्या, तुझ्या काकाला मी ओळखत नाही, तेव्हा काकू नको. मग मी ताई म्हणू लागले.

त्यांच्या घरात संध्याकाळी बसणं हे एक प्रकरण होतं. त्यांना दिव्याची गरज नव्हती, आणि दुसऱ्याला असते हे त्या विसरायच्या. बोलता बोलता अंधार पडायचा, समोर माणूस म्हणून बसलेली आकृती आधी करडी व्हायची, मग नाहीशी व्हायची, आणि फक्त आवाज उरायचे. एक त्यांचा आणि एक त्या यंत्राचा. कंप्युटरला पडदा होता, पण त्या तो बंद ठेवायच्या, उगाच वीज कशाला. यंत्र पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचं आणि त्या ते ऐकायच्या, आपण चाळतो त्या वेगाने. लाइट लावा म्हणायला मला कितीतरी दिवस संकोच वाटला. पुढे मी टॉर्च घेऊन जाऊ लागले आणि ती गुपचूप मांडीवर लावून बसू लागले.

दिवसभर त्या काय ऐकत असत, ते मला कळायला वेळ लागला नाही, कारण माझी नोकरीही त्याच धंद्यातली. बेलापूरच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचे. ताई एका पॅकेज मॅनेजरचं काम बघत होत्या. ज्यांना हा शब्द परका आहे त्यांना त्या असं समजावायच्या: कंप्युटरला एखादी वस्तू हवी असली की पिशवी घेऊन बाजारात जाणारा हा गडी. तुम्ही एक मागता, ती चालायला जे जे लागतं ते सगळं तो घेऊन येतो. तुम्ही पिशवी उघडून बघत नाही. कोणीच बघत नाही. हा गडी कोणा कंपनीचा नव्हता. जगभरातले लोक फुकट त्याच्यात सुधारणा सुचवायचे, आणि ताई व परदेशातले दोघे असे तिघं जण ती प्रत्येक सुधारणा ओळ न् ओळ तपासून आत घ्यायची की नाही ते ठरवायचे. तिघांचं एकमत झाल्याशिवाय नवा माणूस तपासनीस व्हायचा नाही, असा त्यांचा नियम होता.

या कामात त्या पडल्या कशा, तर रागाने. एकदा त्यांनी नेहमीसारखं सगळं अद्ययावत केलं आणि यंत्र मुकं झालं. पिशवीतून आलेल्या कुठल्याशा तुकड्याने वाचणाऱ्या आवाजाचाच गळा धरला होता. आपल्या पडद्यावर अक्षरं दिसेनाशी झाली तर आपण शेजाऱ्याला बोलावू. ताईंच्या इमारतीत शेजारी नव्हता. त्या दिवसांबद्दल त्या एकच वाक्य बोलायच्या, की खोलीत मी होते पण बाकी काही नव्हतं. नोकरीतली एक जुनी मैत्रीण येऊन गेल्यावर यंत्र बोलू लागलं, आणि त्याच दिवशी ताईंनी पॅकेज मॅनेजरवाल्यांना सणसणीत तक्रार लिहिली. उत्तर आलं, तुम्हीच का नाही सुधारून देत? त्यांनी शिकून सुधारून दिलं. आणि मग तिथून उठल्याच नाहीत.

त्यांचं तपासणं ऐकण्यासारखं असायचं. यंत्र सुसाट चाललेलं, ताई चण्याच्या डाळीतले खडे निवडत बसलेल्या, किंवा नुसत्या गुडघ्यावर बोटं वाजवत. एकदम बोटं थांबायची, आणि त्या यंत्राचा वेग कमी करायच्या. मग तो आवाज हळूहळू माणसासारखा होत जायचा, एकेक शब्द, एकेक खूण. तो तसा मंद झाला की मला कसंतरी व्हायचं. झोपेत बडबडणारा माणूस अचानक डोळे उघडून आपल्याशी बोलायला लागावा तसं. ताईंच्या शेऱ्यांत गोडवा नसायचा. "हे कशाला?" हा त्यांचा सगळ्यात लांब शेरा.

त्यांचा दुसरा नियम असा की नव्या माणसाने नेटवरून एकदा तरी त्यांच्याशी बोललंच पाहिजे. आवाज ऐकल्याशिवाय मी कोणाला उंबरठ्याच्या आत घेत नाही, म्हणायच्या. याचा अर्थ त्यांचा कान कधी चुकायचा नाही असं नाही. एका भल्या मुलाला त्यांनी कितीतरी दिवस लटकवत ठेवलं, कारण त्याचा आवाज त्यांच्या जुन्या सेक्शन ऑफिसरसारखा होता. आणि माझी पावलं तर त्यांना शेवटपर्यंत कुरियरवाल्याची वाटायची. आंधळ्यांना सगळं कळतं असं कोणी म्हटलं की त्या चिडायच्या.

या सगळ्यात तो आला. त्याच्या खात्याला एका पक्ष्याचं परदेशी नाव होतं. इथे आपण त्याला पारवा म्हणू. आधी त्याने लहानसहान दुरुस्त्या पाठवल्या. माहितीपत्रकातलं चुकलेलं स्पेलिंग, तुटलेली लिंक, असलं कोणालाच न आवडणारं काम. ताई म्हणाल्या, बोल. तो बोलला. मग तो अधूनमधून बोलू लागला, आणि पुढे रोजच, दुपारी ठरलेल्या वेळेला. दोघं इंग्रजीत बोलत. त्याचं इंग्रजी कुठलंच नव्हतं, म्हणजे ऐकून देश सांगता येऊ नये असं. आवाज मऊ होता. ताईंच्या तिखट शेऱ्यांवर तो कधी रागावला नाही. त्यांनी दहा चुका काढल्या तर दहाही दुरुस्त करून धन्यवाद म्हणायचा. मी एकदोनदा त्यांच्या घरी असताना ते बोलणं ऐकलं. ताई हसत होत्या. त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. माझ्यापाशी त्याचं कौतुक करताना म्हणाल्या, एवढा शांत मुलगा मी पाहिला नाही, घरसुद्धा किती शांत आहे त्याचं.

तिकडे बाकीचे दोघे थकत चालले होते. एकाच्या घरी तान्हं बाळ होतं, दुसऱ्याची तब्येत बरी नसायची. तपासायच्या सुधारणांचा ढीग साचला आणि पारव्याने न सांगता तो उपसायला घेतला. साहजिकच त्या दोघांनी सुचवलं की याला आता तपासनीस करू, चाव्या देऊन टाकू. म्हणजे मग त्याचं काम कोणी बघायची गरज नाही. तो थेट आत ठेवील. ताईंनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं, आणि त्या हो म्हणणारच होत्या. फक्त त्याची शेवटची एक मोठी सुधारणा तपासायची राहिली होती. आपला गडी बाजारात कुठल्या दुकानातून माल उचलतो, ते पत्ते नीट लावून ठेवणारी.

रविवारची दुपार होती. तोवर ताईंनी मलाही कामाला जुंपलेलं होतं, त्या ऐकायच्या आणि मी माझ्या लॅपटॉपवर तेच डोळ्यांनी वाचायचे. मी सगळं वाचून काढलं. इतकं स्वच्छ काम मी क्वचित बघितलं होतं, तसं सांगितलंही. ताईंची बोटं थांबली. त्यांनी यंत्र मागे नेलं, हळू केलं, आणि एका पत्त्यापाशी ते अक्षर अक्षर बोलू लागलं. इंग्रजी अक्षरं एकामागून एक आली आणि मध्येच यंत्र एक आकडा बोललं. पुढे पुन्हा अक्षरं. ताईंनी ते परत ऐकलं. पुन्हा आकडाच.

"तिथे तुला काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की साधा इंग्रजी ए आहे. त्यांनी नीट बघायला सांगितलं. मी पडदा जवळ घेतला, अक्षर मोठं केलं, शेजारच्या ए शी ताडून पाहिलं. ए च होता. पोट तेच, शेपटी तीच.

"तो ए नाही," ताई म्हणाल्या. "ए सारखा दिसणारा कोणीतरी आहे."

तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या एका लिपीत हुबेहूब तसंच दिसणारं अक्षर असतं. आपल्या डोळ्याला फरक नाही. यंत्राला ते अक्षर अगदीच वेगळं, इतकं की त्याचं नाव ठाऊक नसल्यामुळे ते बिचारं त्याचा आकडा वाचत होतं. म्हणजे दिसायला पत्ता आपल्या दुकानाचा, पण गडी जाणार भलत्याच्या दारात. पाटी तीच, आत माणूस दुसरा. आणि तिथून भरलेली पिशवी हजारो घरांत कोणी न उघडता रिकामी होणार. मी त्या अक्षराकडे किती वेळ बघत राहिले कोण जाणे. माहीत असूनही ते वेगळं दिसत नव्हतं, याचीच मला जास्त भीती वाटली.

ताईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी नेहमीच्या वेळेला त्याला विचारलं. मी तिथेच होते. तो हसला, म्हणाला की कुठून तरी उतरवून घेताना आलं असेल, आत्ता बदलतो, आणि बोलणं चालू असतानाच बदलून पाठवलंही. बाकीच्या दोघांचे निरोप आले, झालं तर मग, चूक होती, सुधारली, आता चाव्या द्या.  संध्याकाळ होऊन खोली काळोखी झाली. मग ताई अंधारातूनच म्हणाल्या की त्याचं आजचं हसणं त्यांनी आधी ऐकलंय. मी म्हटलं, माणूस एकसारखाच हसतो. त्यावर त्या म्हणाल्या, "एकसारखं नाही गं. तेच. तेवढंच लांब, तिथेच वर जाणारं. तेच हसणं आहे, पुन्हा लावलेलं."

आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी त्यांना इतके दिवस आवडत आली होती. ऑपरेटर असताना प्रत्येक आवाजामागे त्यांना एक खोली ऐकू यायची. पंखा, भांडी, रस्ता, कावळा, कोणीतरी खोकणारं. माणूस खोटं बोलला तरी त्याची खोली खरं बोलते. पारव्यामागे कधीच काही नव्हतं. एकही दिवस नाही. त्यांना वाटलं होतं, किती शांत घर.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. मी पोचले तेव्हा ताई यंत्रासमोर ताठ बसल्या होत्या. आज मी बोलणार नाही, म्हणाल्या, आणि तूही बोलू नकोस. पूर्वी ऑपरेटर म्हणून ताई फोन करणाऱ्यांना लाइनवर थांबवून ठेवत. थांबवलेला माणूस कधी नुसता बसत नाही, म्हणायच्या. गुणगुणतो, शिव्या घालतो, शेजारच्याला हाक मारतो, नाहीतर वैतागून फोन ठेवतो. वेळ झाली, कॉल लागला, त्याने नेहमीसारखं विचारलं, कशा आहात. ताईंनी उत्तर दिलं नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही. हॅलो नाही, ऐकू येतंय का नाही, काही नाही. पण कॉल चालू होता.

आम्ही दोघी बसून राहिलो. बाहेर ऊन रणरणत होतं. डक्टमध्ये एक पारवा फडफडला. रिकामी लिफ्ट कुठल्याशा मजल्यावर थांबून त्याचं नाव सांगून गेली. यंत्राच्या त्या बाजूला काहीच नव्हतं, पण कोणी नाही असंही वाटत नव्हतं. आणि बऱ्याच वेळाने स्पीकरमधून मराठीत आवाज आला.

"ताई, चहा घेतलात का?"

ताईंनी मान झटकन माझ्याकडे वळवली. त्यांना वाटलं मीच बोलले. कारण शब्द माझे होते. कामावरून आले की दारात चप्पल काढता काढता मी रोज अगदी हेच, अशाच हेलात विचारायचे.  मी कसंबसं म्हटलं, मी नाही.  ताईंनी विचारलं, मराठीतच, "आपण कोण बोलताय?" टेलिफोनवर सगळी नोकरी विचारत आल्या तसंच.  कॉल तिकडून बंद झाला.

मी उठून उगाचच सगळे दिवे लावले. ताई म्हणाल्या, "त्याच्यामागे खोली नव्हती. आपल्यामागे होती ना. इतके दिवस तो ती ऐकत होता, कॉल नसतानाही." मग म्हणाल्या, "आज तू आल्यावर विचारलं नाहीस. म्हणून त्याने विचारलं."

ताईंनी नकार कळवला. त्यावर जे वादळ उठलं त्यात त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. अक्षर दुरुस्त झालेलं होतं. खोली ऐकू येत नाही हे काय कारण झालं? बाळाच्या बापाने लिहिलं की एकटं राहून माणसाला भास होतात, आणि तुम्हाला झेपत नसेल तर बाजूला व्हा. ते वाक्य यंत्राने मंद न होता, आपल्या नेहमीच्या वेगात वाचून टाकलं. ताईंनी उत्तर लिहिलं नाही आणि जागाही सोडली नाही. नियम एकमताचा होता, त्या नियमाला धरून बसल्या. कितीतरी आठवडे त्यांच्याशी कोणी कामापुरतंही धड बोललं नाही. ठरलेल्या वेळी कॉल यायचा बंद झाला होता. त्या वेळेला त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, सवय होती गं.

मग बातमी आली. दुसऱ्या एका प्रकल्पात, दुसऱ्या एका पक्ष्याच्या नावाने, असाच मऊ बोलणारा कोणी होता. तिथे त्याला चाव्या मिळाल्या होत्या. तिथलं नुकसान निस्तरायला लोकांना फार दिवस लागले. दोघांच्याही कामाची ठेवण एक होती, हे मग सगळ्यांनाच दिसलं. पारव्याचं खातं एका दुपारी नाहीसं झालं. तो एक माणूस होता, की चारपाच, की माणूस नव्हताच, हे कोणाला कळलं नाही. बाळाच्या बापाने ताईंना फोन करून माफी मागितली. मागे बाळ रडत होतं. आधी त्याला घ्या, ताई म्हणाल्या, माफीचं नंतर बघू. यानंतर तिघांनी मिळून मला चौथी तपासनीस केलं.

पण ताईंचं एक गेलं. जिने जन्मभर टेलिफोनवर पोट भरलं त्या बाईने फोन सोडला. इतके महिने त्या त्याच्याशी बोलल्या होत्या. त्यांचं हसणं, चिडणं, थांबणं, सगळं त्याच्यापाशी होतं. पुढे लग्न होऊन मी पनवेलच्या पलीकडे नेऱ्याच्या बाजूला राहायला गेले, निघताना त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, "यापुढे माझा फोन आला तर ती मी नाही. लक्षात ठेव. मी तुला फोन करणार नाही." कामाचं त्या लिहून कळवायच्या. बाकी बोलायचं तर कोनला जायला हवं होतं. सुरुवातीला मी जात होते. मग घर, नोकरी, सासूबाईंचं आजारपण. जाऊ जाऊ म्हणता राहत गेलं.

परवा सकाळी स्वयंपाकघरात असताना फोन वाजला. अनोळखी नंबर होता. मी उचलला आणि ताई बोलल्या. तोच कोरडा सूर, शब्द तोडून बोलायची तीच लकब. म्हणाल्या, त्या नव्या सुधारणेवर तुझी संमती राहिलीय, मी ऐकलीय, काही नाही तिच्यात, घेऊन टाक. माझ्या तोंडून हो निघणारच होतं. मी ओठ मिटून घेतले आणि ऐकत राहिले. त्या आवाजामागे पारवे नव्हते, लिफ्ट नव्हती. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर थोडा वेळ तसाच गेला. मग ताईंचाच आवाज हलकेच म्हणाला, "फार दिवसांत आली नाहीस गं."

मी फोन ठेवला. गॅस बंद केला, रिक्षा केली आणि तशीच कोनला गेले.

ताईंनी दार उघडलं. कुरियर का, म्हणाल्या. मी ताई म्हटलं तसा त्यांचा चेहरा बदलला. घरात अंधार होता, मी टॉर्च आणली नव्हती. कशी काय आलीस, असं त्यांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं की तुमचा फोन आला होता. 

"काय म्हणत होते मी?" त्यांनी विचारलं.

मी दोन्ही वाक्यं सांगितली, जशीच्या तशी. त्या खाली बसल्या, आणि हाताने चाचपत माझ्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.

"पहिलं मी म्हणाले नसते," त्या म्हणाल्या. "दुसरं मीच म्हणायला हवं होतं."